मूठ कधी वर करायची?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मार्च महिन्यातल्या स्पर्धेवर चार ओळी लिहिल्या, तर वाचकांनी पत्रांचा ढीगच घातला. बहुतेकांचा सूर एकच: ही पोरं इतकी मिनिटं मैदानावर असतात, दमत नाहीत का? म्हणून या वेळचं सदर सगळं दमण्यावर.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी मूळची नागपूरची. शाळा-कॉलेजात बास्केटबॉल खेळले, मग फिजिओथेरपी शिकले आणि गेली अठरा वर्षं ओहायो राज्यातल्या एका लहानशा कॉलेजात ॲथलेटिक ट्रेनर आहे. सामना चालू असताना बेंचच्या अगदी टोकाला टेप, बर्फ आणि कात्रीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली बाई असते ना, ती मी. सगळे बॉलकडे बघतात, मी गुडघ्यांकडे बघते.

प्रश्न: कबड्डी वीस-वीस मिनिटांची, तुमचा कॉलेज बास्केटबॉलही वीस-वीसचा. आमची मुलं मॅटवर आपटून घेऊन घरी जातात आणि म्हशीची धारही काढतात. चाळीस मिनिटांत दमायला काय झालं?
— निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड

सर, तुमच्या मुलांना नमस्कार आणि म्हशींनाही. पण दोन घड्याळांत फरक आहे. बास्केटबॉलचं घड्याळ शिट्टी वाजली की थांबतं, त्यामुळे चाळीस मिनिटांचा सामना सहज दोन तास चालतो आणि ती चाळीस मिनिटं खरोखरीची खेळाची असतात. (मुलींचा सामना २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत होतो, मुलांचा अजून दोनच अर्धांत.) कबड्डीत गडी बाद झाला की बाहेर बसतो, श्वास घेतो. इथे पाच फाउल होईपर्यंत बाहेर काढणारा फक्त कोच. आणि बदल्या कितीही करता येतात. बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो, फुटबॉलसारखं नाही. म्हणजे दमलेल्याला बसवायला नियमाची आडकाठी नाही. आडकाठी असते ती कोचच्या मनात.

आता दमण्याचं. तुम्ही सदाशिवगडावर मुलांना नेलं असेलच. चढताना छाती फुटते, उतरताना कुणाला काही वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, ते उतरण्यामुळे. शरीराला आवरून धरताना मांडीचे स्नायू ताणले जात जात काम करतात आणि त्यांची झीज जास्त होते. बास्केटबॉल हा असा सतत गड उतरण्याचा खेळ आहे. पळणं थोडं, थांबणं फार. पूर्ण वेगात यायचं, पाय रोवायचा, दिशा बदलायची, उडी मारायची, आपटायचं, आणि लगेच उलटं पळायचं, कारण मुलांच्या सामन्यात तीस सेकंदांत बास्केटवर बॉल टाकलाच पाहिजे. २०१५ पर्यंत त्याला पस्तीस सेकंद मिळत.

एक गंमत सांगते. टीव्हीवरच्या मुलांच्या सामन्यात प्रत्येक अर्धात घड्याळावर १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतरच्या पहिल्या शिट्टीला जाहिरातींसाठी लांब विश्रांती असते. जुना मुरलेला कोच काय करतो, तर विश्रांतीला तीस-चाळीस सेकंद असताना आपल्या हुकमी खेळाडूला बाहेर काढतो. खेळातली चाळीस सेकंद गेली, पण पठ्ठ्याला खुर्चीवर तीन-चार मिनिटं मिळाली. हिशेबाच्या वहीत मात्र तो ‘जवळजवळ पूर्ण वेळ खेळला’ असंच दिसतं. म्हणून नुसता मिनिटांचा आकडा बघून मी कुणाची कीव करत नाही, कुणाचं कौतुकही करत नाही.

प्रश्न: २०२४ च्या महिला कॉलेज बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी रात्री साडेबारापासून जागत होतो. केटलिन क्लार्कने सुरुवातीला आग ओकली आणि नंतर ती जणू विझलीच. मुलगी म्हणते ती दमली, मी म्हणतो दडपण आलं. कोण बरोबर?
— पी. के., पुणे

लेक जास्त बरोबर आहे, पण तुम्हालाही पास करते.

७ एप्रिल २०२४, क्लीव्हलँड. क्लार्कची आयोवा विरुद्ध साऊथ कॅरोलिना. पहिले दहाही गुण आयोवाचेच होते. पहिल्या दहा मिनिटांत एकट्या क्लार्कचे १८ गुण होते. अंतिम सामन्याच्या एका भागात कुणी इतके गुण केले नव्हते. सामना संपला तेव्हा तिच्या नावावर ३० होते. म्हणजे उरलेल्या तीस मिनिटांत १२. साऊथ कॅरोलिना ८७-७५ ने जिंकली आणि ३८-० अशा अपराजित हंगामाची मानकरी ठरली.

या सामन्याचा जो आकडा मी माझ्या मुलींना दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवते तो वेगळाच आहे: ३७-०. साऊथ कॅरोलिनाच्या बेंचवरून आलेल्या मुलींनी ३७ गुण केले, आयोवाच्या बेंचने शून्य. टेसा जॉन्सन ही पहिल्या वर्षाची पोरगी, सुरुवातीच्या पाचांत नव्हती, तिने १९ केले, त्यांच्या संघात सर्वांत जास्त. त्यांच्या कोच डॉन स्टेली यांच्याकडे ताज्या पायांची रांग लागलेली होती. एक मुलगी क्लार्कच्या अंगाला चिकटून पळायची, ती दमली की दुसरी यायची. क्लार्कच्या जागी यायला कोण होतं?

हे लक्षात घ्या की क्लार्क नुसती नेम धरणारी नव्हती. बॉल वर आणणं तिचं, पास देणंही तिचं. त्या हंगामात ती सामन्यामागे जवळपास ३५ मिनिटं खेळली, सरासरी ३१.६ गुण केले, आणि संघाचे ३९ सामने झाले. एकच माणूस घरात स्वयंपाक करतो, वाढतो, भांडी घासतो आणि वर पाहुण्यांशी हसून बोलतो, तसं. पहिल्या अर्धाच्या शेवटी साऊथ कॅरोलिनाच्या रेव्हन जॉन्सनने तिच्या हातातून बॉल काढून नेला आणि सरळ बास्केटमध्ये टाकला, तो क्षण तुम्हाला आठवत असेल. मी तो बऱ्याच वेळा परत पाहिला. रेव्हनचं कसब त्यात पूर्ण आहे, ते मला मुळीच कमी करायचं नाही. पण दमलेल्या माणसाचा मेंदू असाच अर्ध्या सेकंदाने मागे पडतो. बॉल गेला हे हाताला आधी कळतं, डोक्याला नंतर. लोक त्याला दडपण म्हणतात. दडपण आणि दमणूक या सख्ख्या बहिणी आहेत, बाहेरून ओळखू येत नाहीत, म्हणून तुम्हालाही पास केलं.

पुढची गोष्टही मुलीला सांगा. अंतिम सामना ७ एप्रिलला, व्यावसायिक लीगची निवड १५ एप्रिलला, आणि १४ मे रोजी ती इंडियानाकडून पहिला सामना खेळत होती. त्या उन्हाळ्यात ती सगळे चाळीस सामने खेळली. २०२५ मध्ये मांडी, जांघ आणि घोटा अशी दुखणी आली आणि तिला १३ सामन्यांवर थांबावं लागलं. एकामुळे दुसरं झालं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, दुखापतीला शंभर कारणं असतात. पण नोव्हेंबरपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत सलग खेळलेलं शरीर माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी आधी कॅलेंडर मागितलं असतं, एक्सरे नंतर.

प्रश्न: मी विद्यापीठाच्या संघात खेळतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत रोज सामना असतो, तिसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. तिकडे पाच दिवसांत पाच सामने जिंकून चॅम्पियन होतात म्हणे. ते कसं जमतं?
— एक गार्ड, अमरावती

जमलं तेच लक्षात राहतं, बापा. चौथ्या दिवशी हरलेल्यांची यादी कुणी ठेवत नाही.

पण जमलेल्यांचं सांगते. २०११ मध्ये कनेटिकटचा संघ आपल्या गटात नववा होता. म्हणून त्यांना गटस्पर्धेत पहिल्या दिवसापासून खेळावं लागलं: न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाच दिवस, पाच सामने. केंबा वॉकर, सहा फुटांचा गार्ड (म्हणजे बॉल वर आणणारा खेळाडू), त्या पाच सामन्यांत १३० गुण करून गेला. पाचही जिंकले. मग राष्ट्रीय स्पर्धेतले सहा, एकूण सलग अकरा. त्या हंगामात वॉकर सरासरी ३७.६ मिनिटं खेळला.

आता अंतिम सामना बघ. ह्यूस्टन, ४ एप्रिल २०११, समोर बटलर. वॉकरने १९ वेळा बॉल टाकला, पाच आत गेले. तरी कनेटिकट जिंकलं, कारण बटलरचे ६४ पैकी फक्त १२ आत गेले. निकाल ५३-४१. कनेटिकटचा बचाव उत्तम होता हे खरंच, पण हंगामाच्या शेवटी दोन्ही बाजूंचे पाय कसे झालेले असतात ते त्या गुणफलकावर वाचता येतं.

२०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने तसंच केलं. शेवटचे चार साखळी सामने हरून आलेला, गटात दहावा मानलेला संघ. वॉशिंग्टनला पाच दिवसांत पाच जिंकला, आणि पुढे थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत. तिथे पर्ड्यूने थांबवलं, ६३-५०.

आणि दमणुकीचा राजा म्हणशील तर २००९ ची सिराक्यूज-कनेटिकट लढत. त्याच गार्डनमध्ये सहा जादा डाव झाले, एकूण सत्तर मिनिटांचा खेळ. १२ मार्चला रात्री सुरू झालेला सामना १३ तारखेला मध्यरात्री सव्वाच्या पुढे संपला, १२७-११७. आठ जण फाउल होऊन बाहेर. सिराक्यूजचा जॉनी फ्लिन सत्तरपैकी सदुसष्ट मिनिटं मैदानावर होता. त्याच दिवशी संध्याकाळी पुढचा सामना, तोही जादा डावात जिंकले. त्याच्या पुढच्या दिवशी अंतिम सामन्यात लुईव्हिलने हरवलं. त्यांचा सलग चौथा दिवस होता, तुझ्या तिसऱ्यासारखाच.

मधल्या वेळात काय करतात ते तुझ्या कामाचं आहे. सराव करत नाहीत. आमच्याकडे गटस्पर्धेच्या दिवसांत हॉटेलच्या हॉलमधल्या गालिच्यावर मी पांढरी टेप चिकटवून फ्री थ्रोची रेघ आखते, पोरी सपाता घालून तिथे फक्त चालत चालत जागा पाठ करतात. वीस मिनिटं, उडी एकही नाही. सामना संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी जातं. मोठं जेवण नंतर, आधी चॉकलेट दूध आणि केळी. तुला दूध-केळं कुठेही मिळेल. आणि वसतिगृहाच्या फरशीवर पातळ गादी टाकून तिघांत एका पंख्याखाली झोपवत असतील, तर भांडायचं असेल तर त्यावर भांड. बूट नंतर माग.

प्रश्न: सात खेळाडूंवर हंगाम काढावा की बारा जणांना फिरवावं? आमच्या क्लबात यावरून रोज वाद.
— प्रशिक्षक, कोल्हापूर

दोन्ही टोकं पाहिलेली आहेत. सिराक्यूजमध्ये कोच जिम बोहाइम यांचा भर मोजक्या खेळाडूंवर असे. २०१७-१८ मध्ये त्यांचा टायस बॅटल सामन्यामागे सरासरी ३९ मिनिटं खेळला, देशात सर्वांत जास्त. हे परवडलं कारण ते दोन-तीनचा झोन बचाव खेळत. आपापला भाग राखायचा, एकाच माणसामागे जिवाच्या आकांताने पळायचं नाही. हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत गेला. दुसरीकडे केंटकीने २०१४-१५ मध्ये पाच-पाचच्या दोन तुकड्या फिरवल्या. डिसेंबरात ॲलेक्स पॉयथ्रेसचा गुडघा गेला आणि तुकड्यांचा खेळ मोडला, तरी वर्षभरात सरासरी सत्तावीस मिनिटांच्या वर कुणी गेलं नाही. ३८-० झाले आणि मग उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून ७१-६४ ने हरले. ताजे पाय असूनही हरता येतं.

तिसरं टोक आयोवातलं ग्रिनेल. तिथे पाच आत, पाच बाहेर, पुन्हा पाच आत, जणू लोकलचे दरवाजे. सगळे पूर्ण ताकदीने दाबायचे आणि दम लागायच्या आत बदलायचे. त्याच ग्रिनेलच्या जॅक टेलरने २०१२ मध्ये एका सामन्यात १३८ गुण केले, आणि त्या दिवशी तो एकटा ३६ मिनिटं मैदानावर होता. नियम करणारेच नियम मोडतात, घरचं उदाहरण शोधायला नको.

तुमचा क्लब समोरच्याला पूर्ण मैदानभर दाबत असेल तर सात जण पुरणार नाहीत. झोन खेळत असाल तर पुरतील. वाद इतकाच आहे.

प्रश्न: हे सगळे विद्यार्थी आहेत ना? मग अभ्यास कधी करतात?
— बारावीतली मुलगी, लातूर

विमानात. इथली कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना कॉलेजांचे तीन विभाग करते. त्यातल्या वरच्या दोन विभागांतल्या कॉलेजांना नियम आहे: हंगामात खेळाला दिवसाला चार आणि आठवड्याला वीस तासांच्या वर द्यायचे नाहीत, आठवड्यातून एक सुट्टी द्यायची. ऐकायला छान. पण सामना कितीही लांबला तरी तीनच तास धरतात, प्रवास मोजतच नाहीत, आणि प्रवासाचा दिवस सुट्टी म्हणून दाखवता येतो. २०२४ पासून लॉस एंजेलिसचं यूसीएलए ज्या गटात गेलं त्यात न्यू जर्सीचं रटगर्स आहे. दोघांच्या घड्याळांत तीन तासांचं अंतर. यूसीएलएच्या कोचने उघड कुरकुर केली तेव्हा लोक हसले. मी नाही हसले.

प्रश्न: ताई, माझी मुलगी तिसऱ्या विभागातल्या एका कॉलेजात गार्ड आहे. दर सामन्यात ३६-३८ मिनिटं. कोच तिला बाहेर काढतच नाहीत. फोनवर विचारलं की म्हणते, ‘आय ॲम फाइन, आई.’ सुट्टीत घरी आली ती चौदा तास झोपली. जेवण कमी झालंय, नडगी दुखते म्हणते. कोचशी बोलू का? तिला आवडणार नाही.
— एक आई, न्यू जर्सी

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग माझी जुनी वही काढली.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एक गार्ड होती. तिचं नाव-गाव सांगत नाही. हसरी, उशिरा जाणारी, सगळ्यांच्या बाटल्या भरून ठेवणारी. तीही अशीच ३७-३८ मिनिटं खेळायची आणि तिचंही उत्तर ‘फाइन’. जानेवारीत तिने माझ्याकडून नडगीवर टेप मारून घ्यायला सुरुवात केली. मी मारत गेले. टेप मारताना अंगठ्याने हाड दाबून बघायचं असतं, एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी कळ आली तर सावध व्हायचं. हे मला येत होतं, मी दुसऱ्यांना शिकवते. पण तिच्या आधी नऊ जणी रांगेत असायच्या आणि बस सुटायची असायची. तिसऱ्या आठवड्यात दाबलं तेव्हा तिने ओठ चावला आणि छताकडे बघितलं. हाडाला बारीक तडा होता. हंगाम तिथे संपला. त्यानंतर तिच्याकडून कळलं की चार महिने तिला पाळी आलेली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं.

म्हणून कोचच्या आधी तुम्ही मुलीला तीन गोष्टी विचारा, आणि फोनवर नको, शेजारी बसून भाजी निवडत विचारा. पाळी वेळेवर येते का? पळणाऱ्या मुलीची पाळी थांबते, लोक म्हणतात ‘खेळाडूंचं असंच असतं’. तसं नसतं. जितकं जळतं तितकं पोटात जात नाही, म्हणून शरीर एकेक दिवा मालवत जातं, आणि हाडं त्याच कारणाने ठिसूळ होतात. दुसरं, नडगीवरची दुखरी जागा हाताच्या पंजाएवढी आहे की बोटाच्या टोकाएवढी? रात्री झोपेतही ठणकते का? बोटाएवढी असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर पुढचा सामना खेळायच्या आधी डॉक्टर. तिसरं, रक्त तपासताना नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही बघायला सांगा. घरी वरण-भात-भाजीवर वाढलेल्या आपल्या मुलींचं हिमोग्लोबिन कागदावर ठीक असतं आणि लोहाचा साठा तळाला गेलेला असतो. मग ‘आई, पाय जड झालेत’ हे आळसाचं नसतं.

चौदा तासांच्या झोपेला घाबरू नका, ती उधारी फेडतेय. स्टॅनफर्डमध्ये मुलांच्या संघातल्या अकरा जणांना पाच ते सात आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. हा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. दहापैकी सरासरी ७.९ फ्री थ्रो आत जात होते, ते ८.८ जायला लागले. पळण्याच्या चाचणीची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. अकराच खेळाडू, म्हणजे छोटा अभ्यास. पण आमच्या ट्रेनिंग रूमच्या दारावर मी तो चिकटवून ठेवलाय, कारण एवढं स्वस्त औषध दुसरं नाही.

पण एक फरक कळायला हवा. दमणं वेगळं, आणि खेळता खेळता शुद्ध हरपणं वेगळं. १९९० मध्ये लॉयोला मॅरीमाउंटचा हँक गॅदर्स मैदानावर कोसळला आणि गेला. तो आधीच्या डिसेंबरातही एकदा सामन्यात पडला होता. त्याचं हृदय आजारी होतं. मुलीला पळताना कधी भोवळ आली असेल तर ‘नीट जेवली नसेल’ म्हणून सोडू नका, हृदयाचे डॉक्टर गाठा.

आता कोच. तुम्ही बोलू नका, मुलीला बोलू द्या. पण कसं बोलायचं ते तिला येत नसेल. आपल्याकडच्या मुली ‘मला जमत नाही’ म्हणायला शिकलेल्या नसतात, आणि अमेरिकेतल्याही नसतात, हे मला इथे येऊन कळलं. नॉर्थ कॅरोलिनाचे डीन स्मिथ यांनी यावर फार साधा तोडगा काढला होता. खेळाडू दमला की त्याने मूठ वर करायची. कोच त्याला लगेच बाहेर काढणार. आणि गंमत पुढे आहे: ज्याने स्वतः मूठ वर केली, तो दम आल्यावर स्वतःच सांगून परत आत जाणार. पण मूठ न करता रेंगाळताना कोचला दिसला, तर परत कधी जायचं ते कोच ठरवणार. खरं बोलणाऱ्याला त्याची जागा परत मिळणार, ही हमी होती त्यात. मायकेल जॉर्डन याच व्यवस्थेत शिकला. स्मिथ ८७९ सामने जिंकून निवृत्त झाले.

त्या गार्डच्या प्रकरणानंतर मी आमच्या कोचबाईंना ही मूठ आणायला लावली. पहिल्या महिन्यात एकीनेही हात वर केला नाही. मग एका सामन्यात कोचबाईंनी स्वतः एका मुलीला बाहेर काढलं. ती तणतणत माझ्या शेजारी येऊन बसली, पाणी प्यायली, नव्वद सेकंदांनी त्यांनी तिला परत आत ढकललं. पुढच्या आठवड्यात तीन मुठी वर झाल्या. मी वहीत तारीख लिहिली आहे.

तुमच्या मुलीला हे सांगून बघा. आणि तिसऱ्या विभागात खेळाची शिष्यवृत्ती नसते, म्हणजे बसल्याने तिची फी बुडत नाही. हे तिला ठाऊक असतं, तरी रात्री दोन वाजता आठवत नाही. तिच्या कॉलेजातल्या ट्रेनरला मात्र तुम्ही खुशाल फोन करा. मुलगी अठरा वर्षांच्या पुढची असल्यामुळे ट्रेनर तुम्हाला फार काही सांगू शकणार नाही. ऐकून घेईल. मला कुणीतरी केला असता तर बरं झालं असतं.

प्रश्न: टीव्हीवर बघताना कोण दमलंय हे कसं ओळखायचं?
— आजोबा, गोरेगाव

तोंडाकडे बघू नका, तोंडं फसवतात. फ्री थ्रोच्या वेळी बॉल हातात नसलेल्या नऊ जणांकडे बघा. कोण गुडघ्यांवर हात ठेवतो, कोण चड्डीची कड मुठीत धरून वाकतो. मग बचाव बघा: ताजा माणूस बसका राहून पाय सरकवतो, दमलेला उभा राहून हात घालतो, आणि फाउल होतो. आणि बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत यायला लागले की समजा पाय गेले. नेम हातात असतो, पण बॉल तिथवर पोहोचवतात मांड्या.

शेवटचं, बॉल कडेच्या रेषेबाहेर गेला की कॅमेरा बेंचवरून फिरतो. टोकाला पिशवी घेऊन कुणीतरी बसलेलं दिसेल. ती व्यक्ती ज्याच्याकडे टक लावून बघत असेल, तो पुढच्या शिट्टीला बाहेर येतो की नाही, पैज लावून बघा.